खाणावळवालीचा हिशेब

धुणावळ म्हणजे धुण्याची मजुरी, शिवणावळ म्हणजे शिवायचे पैसे. त्याच घडणीचा शब्द खाणावळ. मुळात तो जागेचा नव्हेच, खाण्यापोटी मोजायच्या रकमेचा. पुढे ती रक्कम जिथे द्यायची त्या घरालाच तो चिकटला आणि मुंबईच्या गिरणगावात त्यातून ‘खाणावळवाली’ घडली. लग्नाच्या पंगतीला रांधणारा तो आचारी. त्याला आधी विसार मिळे. चाळीतल्या एका खोलीत परक्या घरच्या माणसांना रोज दोन वेळ जेवू घालणारी ती नुसती ‘बाई’, आणि तिच्या वाट्याला उधारी.

उधारी दोन्हीकडची. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून गाळ्यात राहायचा आणि जेवणाचे पैसे पगार झाल्यावर द्यायचा. तोवर तांदूळ, पीठ, रॉकेल वाण्याच्या वहीवर. वाणी भाव चढा लावी, वर व्याज. पहिली पाळी सकाळी सातची, म्हणजे भाकऱ्या त्याआधी थापून झालेल्या हव्यात. दुसरी पाळी मध्यरात्री सुटे, तेव्हा उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवायचं. पगाराच्या दिवशी हाती आलेले पैसे वहीत जिरायचे. नावातच मोल असलेल्या धंद्यात मालकिणीच्या मेहनतीचं मोल कुणी धरतच नव्हतं.

१९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, छोट्या माणसालाही बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. पण तारण नाही, सही येत नाही, अशा बाईला बँकेत उभं कोण करणार? गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या आणि कामगार चळवळीत मुरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी ते मनावर घेतलं. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झालं. बायकांचे गट करायचे, एकीने दुसरीची हमी घ्यायची आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून छोटं कर्ज मिळवायचं, ही रीत. कर्ज दयाबुद्धीने नव्हे, धंद्यासाठी. मला मंडळाचं खरं काम इथेच दिसतं: घरकाम म्हणून झाकलेला व्यवसाय कागदावर व्यवसाय म्हणून चढला.

मग १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पुष्कळसे गावी गेले ते परतलेच नाहीत. गिऱ्हाईकच उठून गेल्यावर कर्ज घेऊन करायचं काय? मंडळाने मोर्चा बाहेरच्या ऑर्डरींकडे वळवला: कार्यालयांना जेवण, समारंभांचं केटरिंग. तिथे मापं वेगळी. ठरल्या वेळी पोचायचं, बिल करायचं, माणशी दर आधी सांगायचा. पगाराची वाट पाहण्यात उमर गेलेल्या बाईला आगाऊ रक्कम मागणं जड जात असणार.

प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची कन्या मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ पासून पुण्यात गटाच्या हमीवर कर्जाचं हेच सूत्र झोपडपट्टीतल्या बायकांपर्यंत नेलं. तिथे कर्ज घेणाऱ्यांत भाजीवाल्याही आहेत.