गोंदणाची वहिवाट

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला म्हणजे माणसांची, टोपल्यांची आणि बर्फाची जी एकच गर्दी उसळते, तीत पाण्याच्या कडेला बसलेल्या एका वृद्ध मासळीवालीच्या हाताकडे माझे लक्ष प्रथम गेले ते तिने सुरमई उलटून दाखविली तेव्हा. कोपराखाली, हाताच्या आतल्या गोऱ्या अंगाला, तुळशीवृंदावन गोंदलेले होते. परंतु साठ-सत्तर वर्षांत त्याच्या रेषा इतक्या पसरल्या होत्या की वृंदावनाचा चौथरा कोणता आणि तुळशीची पाने कोणती हे ओळखणे अवघड झाले होते. मनगटाशी, बांगड्या जिथे थांबतात नेमक्या तिथे, टिपक्यांची एक ओळ, आणि हनुवटीवर एकच हिरवा ठिपका. ही ठिकाणे कोणी निवडली, असे विचारताच ती हसली. “आयेनं हात धरलान, गोंदणारनीनं टोचलान. मला-तुला इचारतंय कोन?”

आज एखादी मुलगी गोंदवून घ्यायचे ठरविते, तेव्हा मान की घोटा, खांदा की मनगट, या प्रश्नावर तिचे आठवडेच्या आठवडे जातात. म्हातारीला हा प्रश्न पडलाच नाही, याचा अर्थ त्यामागे विचार नव्हता असा मात्र नव्हे. तो विचार तिच्या जन्माआधीच होऊन गेला होता. जमिनीच्या बाबतीत ज्याला आपण वहिवाट म्हणतो, तशीच गोंदणालाही अंगावरची वहिवाट होती, आणि तिची हद्द लुगड्याने आखून दिलेली होती. हर्णैजवळच्या दापोलीच्या वरकस उतारांवर नाचणी पेरणाऱ्या आणि खालच्या मळ्यांत गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्या कुणबी बाईचे लुगडे काष्टा मारून वर खोचलेले असे, चोळीच्या बाह्या आखूड असत. तेव्हा कपाळ, हनुवटी, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, पंज्याची पाठ आणि पोटरी एवढेच अंग उघडे राही, आणि गोंदणही मुख्यतः तेवढ्यावरच फिरे. शिवाय यांतली बहुतेक ठिकाणे दागिन्यांची आहेत: कुंकवाची जागा, बांगडीची जागा, पायातल्या वाळ्याची जागा. ज्या घरात सोने म्हणजे मंगळसूत्रातले चार मणी, त्या घरच्या मुलीला चोराने न्यावयाचा नाही आणि सावकाराने गहाण घ्यावयाचा नाही असा हा एकच अलंकार मिळे. मेल्यावर बरोबर येते ते गोंदण, असे बायका म्हणत, त्यात परलोकाच्या चिंतेइतकाच हा व्यवहारही असावा, असे मला वाटते.

गोंदणारीण येई ती पावसाळा सरून वाटा मोकळ्या झाल्यावर. खळ्यात किंवा पडवीत ती फडके पसरी, तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधी, दिव्याचे काजळ पाल्याच्या रसात खली, आणि मुलगी आईच्या मांडीत घट्ट दाबून धरलेली असताना, तिचे रडणे ऐकू जाऊ नये म्हणून स्वतः गाणे म्हणत, टोचीत सुटे. वर हळद आणि खोबरेल तेल. मोबदला सुपात घालून देत: तांदूळ, एखादा नारळ, क्वचित जुने लुगडे. हाताची आतली बाजू निवडण्यात कारागिरीचे शहाणपणही होते. तिथली कातडी मऊ आणि सपाट, ऊनही कमी लागते. हाडावर सुई जास्त झोंबते. आणि तळहाताची जाड कातडी सतत झडत असल्यामुळे तिथे गोंदण टिकत नाही. काजळ बसते ते वरच्या पापुद्र्याखालच्या थरात, तिथल्या पेशी ते गिळून धरून ठेवतात. घातलेला रंग काळा असूनही तो हिरवा-निळा दिसतो, कारण वरच्या कातडीतून प्रकाशातला निळा भागच विखरून डोळ्यांपर्यंत परत येतो. ‘हिरवं गोंदण’ म्हणणाऱ्या बायकांना हे शास्त्र कोणी सांगितले नव्हते.

कपाळ हे सर्वांत मानाचे ठिकाण. परंतु त्याच कपाळाचा उपयोग इंग्रज अंमलाने निराळा करून दाखविला. बंगाल आणि मद्रास इलाख्यांत काही गुन्ह्यांच्या जन्मकैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदण्याचे हुकूम अठराव्या शतकाच्या अखेरीपासून निघू लागले आणि ती शिक्षा १८४९ मध्ये रद्द झाली. इकडे १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दापोलीस लष्करी ठाणे वसविले, आणि ‘काँप दापोली’ हे नाव गावाला कायमचे चिकटले; पण त्या काँपाच्या आसपासच्या वाड्यांतून कपाळावर गोंदलेली चंद्रकोर आपली सौभाग्याची म्हणूनच राहिली.

सौभाग्याची, असे म्हटले खरे, आणि इथेच गोंदणाची सर्वांत विलक्षण बाजू दिसते. दापोलीपासून चार कोसांवरचे मुरूड हे समाजसुधारक धोंडो केशव कर्व्यांचे गाव. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या काळी नवरा गेला की बाईचे कुंकू पुसत, बांगड्या फोडीत, काही जातींत केसही उतरवीत. समाजाने स्त्रीच्या अंगावरून जे जे काढून घेता येईल ते सारे काढून घेतले. गोंदण तेवढे त्याला काढता आले नाही. पुसलेल्या कुंकवाच्या जागी लहानपणी घातलेला ठिपका तसाच राहिला. हा काही कोणी उभारलेला प्रतिकार नव्हे, पण रूढीची एक खूण दुसऱ्या रूढीला अशी पुरून उरली खरी.

झाकल्या अंगावरच्या गोंदणाची कथा दूर देशीची आहे. इजिप्तमध्ये देर अल-बहारी येथे १८९१ मध्ये सापडलेल्या अमुनेत या स्त्रीच्या ममीवर ओटीपोटाशी आणि मांड्यांवर टिपक्यांच्या आकृती आढळल्या. एवढ्यावरून विद्वानांनी तिला नर्तकी किंवा रखेली ठरविले. ती हाथोर देवीची पुजारीण होती. जागेवरून बाईची पत ठरविण्याची खोड विद्वानांनाही असते.

त्याच १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने विजेच्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढे त्याचे धाकटे भाऊबंद आपल्या जत्रांतून बॅटरीवर घरघरू लागले. चित्रे मागे पडून अक्षरे आली. ज्या बाईने जन्मभर उखाण्यावाचून नवऱ्याचे नाव उच्चारले नाही, तिच्या हातावर ते ठसठशीत देवनागरीत दिसू लागले. पण पुढे मुंबईस बिऱ्हाड थाटलेल्या कोकणी घरांना गोंदण गावंढळ वाटू लागले, आणि लेकींना कोणी सुईखाली धरीना. आता तीच चाल ‘टॅटू’ होऊन परत आली आहे.

या टॅटूच्या जागेवर वहिवाटीचा अंमल नाही, पण नोकरीचा आहे. माझ्या परिचयातली दापोलीची एक मुलगी लष्करी पोलिसांतल्या स्त्रियांच्या भरतीसाठी रोज पहाटे धावते. मानेवर पक्षी काढावा असे तिच्या मनात होते. नियम वाचून तिने तो बेत सोडला, कारण सैन्याला गोंदण चालते ते कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या अंगाला आणि पंज्याच्या पाठीवर. म्हणजे हर्णैच्या म्हातारीची तुळस तिथे खपली असती. हनुवटीवरच्या ठिपक्यापायी मात्र ती नापास झाली असती.