सरपणाची पारख : साष्टीच्या जंगलापासून बेकरीच्या भट्टीपर्यंत

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. पावसाळ्याआधी फांद्या छाटल्या जातात, वादळात झाड पडतं, सोसायटीच्या फाटकापाशी ओंडक्यांचा ढीग लागतो. हे लाकूड कसलं, आणि ते जळायला चांगलं का? प्रश्न साधा वाटतो. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात त्याचं उत्तर शोधायला लागलं की दीडशे वर्षांचा इतिहास हाताला लागतो, म्हणून आज तोच विषय घेतोय.

पहिली गोष्ट, हा सगळा भाग म्हणजे साष्टी. उपनगर जिल्हा 1920 सालचा, त्याआधी साष्टी ठाणे जिल्ह्यात होती. जेम्स कॅम्पबेलनं संपादित केलेल्या गॅझेटिअरचा ठाण्याचा खंड 1882चा आहे. त्यात जिल्ह्यातल्या झाडांची यादी सापडते, कुठलं झाड कशाला उपयोगी तेही सापडतं. साग, शिसव, ऐन, खैर, धावडा, हेद, कळंब अशी ती दुनिया. ती माहिती कॅम्पबेलला कुठून मिळाली? जंगलात कुऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या वारली, काथोडी, ठाकर, कोळी लोकांकडूनच ती वर गेली असणार, हे आमचं मत. यादीत झाडांची नावं मराठी आहेत यावरूनच ते दिसतं.

कोकणात आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची बेगमी. त्यात धान्य, मीठ, सुकी मासळी आणि सरपण. जूनच्या पहिल्या सरीआधी लाकूड वाळून पडवीत रचलेलं नसेल, तर चार महिने घर धुरात. त्यामुळे कुठलं लाकूड लवकर वाळतं, कुठलं भिजलं की गेलं, कुठल्याचा निखारा रात्रभर टिकतो हे माहीत असणं म्हणजे हौस नव्हती. चूल पेटणार की नाही हा रोजचा प्रश्न होता.

आता या पारखीत सरकार कसं शिरलं ते बघू. मौल्यवान झाड राज्याचं, ही कल्पना इंग्रजांची नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाबद्दल प्रसिद्ध सूचना आहेत. साग वगैरे हुजूर परवानगीनं तोडावा, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती रयतेनं लेकरासारखी वाढवलेली झाडं. म्हणजे झाडागणिक वेगळा हक्क होता. 1878च्या वनकायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राब आणि सरपणावरून इतका असंतोष झाला की 1885 मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. राब म्हणजे भाताच्या रोपासाठी फांद्या आणि पालापाचोळा जमिनीवर जाळणं. फांदी कुठल्या झाडाची, हा प्रश्न आता शेतीचा राहिला नाही, गुन्ह्याचा झाला.

आणि तो तसाच राहिला. 1927च्या भारतीय वन कायद्यात लाकडाची व्याख्या इतकी रुंद आहे की पडलेलं झाडसुद्धा तीत बसतं. कलम 69 सांगतं की एखादा वनोपज सरकारचा आहे की नाही असा वाद आला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच धरायचा. डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईनं काय सिद्ध करायचं? मोळीत वाळक्या फांद्या आहेत, खैर नाही, साग नाही, हे तिला दिसतं. गार्डाला दिसतंच असं नाही. पुढे 1972चा वन्यजीव कायदा आला, तेव्हापासून राष्ट्रीय उद्यानातून तर परवान्याशिवाय काहीच उचलता येत नाही. जंगल राखायला हे गरजेचं होतं असं म्हणणारे बरोबर आहेत. पण पाड्यातल्या चुलीला त्याची किंमत मोजावी लागली, तीही लिहून ठेवली पाहिजे.

आता प्रत्यक्ष पारख. जेम्स साइक्स गॅम्बल नावाच्या वनाधिकाऱ्यानं भारतीय लाकडांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, पहिली आवृत्ती 1881ची, दुसरी 1902ची. त्याची पद्धत आजही कामाची आहे. ओंडक्याच्या टोकाला धारदार सुरीनं स्वच्छ काप घ्यायचा, भिंगातून बघायचं. छिद्रं किती, कशी मांडलेली, मधून जाणाऱ्या बारीक रेषा कशा आहेत. त्याबरोबर वजन. सागात वर्षाची वलयं उठून दिसतात, आणि ताज्या कापाला कातड्यासारखा वास येतो. हेद पिवळसर. खैराचा गाभा गडद लालसर आणि भोवतीचं कच्चं लाकूड फिकट. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकडींत फुटलेली असते. तो कापायचीही गरज नाही.

जळण म्हणून चांगलं कुठलं? इथे एक गैरसमज काढून टाकू. किलोला किलो धरलं, तर पूर्ण वाळलेल्या लाकडांत उष्णतेचा फरक फार नाही. बहुतेक सगळी साडेचार ते पाच हजार किलोकॅलरीच्या आसपास येतात. फरक घनतेचा. एक घनमीटर वाळलेला धावडा 900 किलोच्या घरात जातो, काटेसावर 400च्या आत राहते. म्हणून धावडा, बाभूळ, ऐन यांचा निखारा टिकतो, आणि सावर-पांगारा कागदासारखे भपकन जळून जातात. सावरीच्या काड्या आगपेटीत गेल्या त्या उगाच नाही.

दुसरा फरक पाण्याचा, आणि तोच जास्त महत्त्वाचा. ताज्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी उडवायला किलोमागे सहाशेच्या आसपास किलोकॅलरी खर्ची पडतात, आणि त्याआधी धूर. वखारीत लाकूड वजनावर विकलं जायचं. जुन्या मुंबईत खंडी म्हणजे वीस मण, 560 पौंड. ओल्या लाकडाची खंडी घेतली म्हणजे पाण्याचे पैसे दिले. ऐन तर खोडातच पाणी साठवतो, त्यामुळे ताजा ऐन हाताला भारी लागतो आणि फसवतो. ओळखायचं कसं? दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणटणीत आवाज आला तर वाळलंय, थप असा आला तर नाही. टोकाला मध्यापासून बाहेर जाणाऱ्या भेगा पडल्यात का, साल सुटतेय का, तेही बघा.

आणि काही लाकडं चुलीजवळ आणायचीच नाहीत. बिब्ब्याच्या चिकानं अंगावर फोड येतात, धूरही नको. कण्हेर विषारी. खाडीतल्या गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. खाडीचा विषय निघालाच म्हणून सांगतो, तिवराचा काप घेतला तर सुंदर वलयं दिसतात. ती मोजून वय काढू नका, एका वर्षात अनेक वलयं पडतात. तिवरं तोडायला मुंबई उच्च न्यायालयानं 2005 मध्येच बंदी घातली, तेव्हा ही पारख फक्त वाहून आलेल्या ओंडक्यापुरती.

पण मुळात फाटकापाशी पडलेलं लाकूड अनोळखी का वाटतं? कारण झाडंच बदलली. रस्त्यावरचा गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला, गिरिपुष्प आणि सुबाभूळ मध्य अमेरिकेकडचे. सुबाभळीचा प्रसार तर मणिभाई देसाईंच्या बायफ संस्थेनं चारा आणि जळण म्हणूनच केला. पाड्यावरच्या आजीला धावडा डोळे मिटून कळेल, पण तिच्या आजीनं पर्जन्यवृक्षाबद्दल तिला काही सांगितलेलं नसणार. आमचा अंदाज विचाराल तर गिरिपुष्प आणि सुबाभूळ वाळवून ठेवा, दोन्ही बरी जळतात. गुलमोहर हलका, पटकन कुजतो, त्याच्यावर मेहनत घेऊ नका.

शेवटचा थर भंगाराचा. उपनगरातल्या पावाच्या भट्ट्या अनेक वर्षं जुन्या इमारतींच्या लाकडावर, मोडक्या फर्निचरवर आणि पेट्यांवर चालत आल्या. इथे झाड ओळखून भागत नाही, लाकडाला काय फासलंय ते ओळखावं लागतं. प्लायवूडच्या कडेला थर दिसतात, त्यातल्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं. जुन्या रंगात शिसं असतं. मालाच्या पॅलेटवर शिक्का असतो : एचटी म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, ते जाळू नये. हिरवट झाक असलेला खांब दिसला तर लांब राहा. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं ते मिश्रण डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी 1933 मध्ये शोधलं. त्यानं वाळवी लागत नाही, पण राखेत आर्सेनिक उरतं.

9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. भट्टीवाल्यांचं म्हणणं खर्चाचं आणि पावाच्या चवीचं आहे, शेजारच्या इमारतीतल्यांचं श्वासाचं. आम्ही शेजाऱ्यांच्या बाजूनं आहोत. फक्त एवढंच, की भट्टीत टाकलेलं लाकूड धावड्याचं होतं की लॅमिनेटचं, याची नोंद कुणी ठेवलेली नाही, आणि भट्टीपुढे उभा राहणारा कामगार तो धूर सगळ्यांत आधी घेत होता.

कुणाकडे लाकडाचे तुकडे असतील तर घेऊन या. सुरी आणि भिंग इथे टेबलावर आहे.