पायाला बांधलेलं चाक

एकचाकीची सवय लागलेला माणूस साध्या सायकलवर बसला की गडबडतो, असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहेच. उतार लागला तरी त्याचे पाय फिरतच राहतात. थांबायची वेळ आली की हात ब्रेकपर्यंत पोचण्याआधी त्याचा पाय पेडल मागे रेटू लागतो. वळताना तो हँडलच्या आधी कंबर वळवतो. यावरून एकचाकीला सर्कशीतला खेळ ठरवून तिच्या सवयी सायकलवाल्याचा हात बिघडवतात, असं सांगितलं जातं. आपल्याकडे हे पटकन पटतं. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस उभी केल्यापासून मराठी माणसाला सर्कस ओळखीची, आणि एकचाकी म्हटली की तंबू, बँड आणि विदूषकच डोळ्यांपुढे येतो. पण सायकलचा इतिहास पाहिला तर गोष्ट उलटी दिसते. परक्या वाटणाऱ्या या सवयींपैकी मुख्य सवय, म्हणजे चाकाला बांधलेला पाय, एकेकाळी प्रत्येक सायकलस्वाराची होती. पुढे सायकलचा एक छोटा भाग बदलला आणि ती सवय निरुपयोगी ठरली.

कार्ल द्राइसने १८१७ साली मानहाइममध्ये चालवलेल्या दुचाकीला पेडलं नव्हती. स्वार जमिनीला पाय मारत पुढे जाई. पेडलं आली १८६०च्या दशकात, पॅरिसमध्ये. ती पिएर लालमाँने आणली की मिशो घराण्याने, हा वाद फ्रेंचांनी अजून जपून ठेवला आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की ती पुढच्या चाकाच्या आसालाच बसवलेली होती. मध्ये साखळी नाही, काही नाही. चाक फिरलं की पेडल फिरणारच. अशा रचनेत वेग वाढवायचा तर चाकच मोठं करायला हवं. म्हणून १८७०च्या दशकात कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीसारख्या कारागिरांच्या हाती पुढचं चाक वाढत वाढत स्वाराच्या छातीपर्यंत गेलं. ५२ इंची चाकाला पेडलाच्या एका फेऱ्यात चार मीटरहून थोडं जास्त अंतर कापता येई. स्वाराची टांग पुरेल तेवढंच चाक, हीच त्याची मर्यादा.

या उंच सायकलवर थांबायचं कसं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. स्वार जवळजवळ आसाच्या डोक्यावर बसलेला असे. हँडलजवळच्या दांडीने पुढच्या टायरवर दाबला जाणारा चमच्यासारखा ब्रेक काही सायकलींना असे, पण तो जोरात दाबला की मागचं चाक उचललं जाई आणि स्वार हँडलवरून डोक्यावर पडे. तेव्हा वेग कमी करायचा तो पायांनीच: वर येणाऱ्या पेडलावर थोडा उलटा भार, पुढच्या फेऱ्यात आणखी थोडा. एकदम जोर लावला तरी परिणाम तोच, कपाळमोक्ष. मोठ्या उतारावर पाय त्या वेगाने फिरणंच अशक्य, म्हणून धाडसी स्वार दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकून देत. निदान फेकले गेलो तर पायांवर उतरू, हा हिशेब. टॉमस स्टीव्हन्सने १८८४ ते १८८६ या काळात ५० इंची कोलंबिया सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि तिच्यात लाहोर ते कलकत्ता हा ग्रँड ट्रंक रोडही कापला, तो याच बांधलेल्या पायांनी.

इथे कोणी म्हणेल, उंच सायकलला मागे छोटं चाक होतं आणि हातात हँडल होतं, तिची एकचाकीशी तुलना कशाला? मागच्या चाकामुळे स्वार मागे पडत नसे, हे खरं. पण पुढे पडण्याची भीती दोघींनाही सारखीच, आणि ती आवरण्याचा उपायही एकच, पेडलावरचा मोजका दाब. जोरात ब्रेक लावला की मागचं चाक हवेत जातं आणि क्षणभर उंच सायकल एकचाकीच होते. एकचाकीचा उगम याच क्षणात शोधला जातो, ते मला सयुक्तिक वाटतं. बाजूच्या तोलाचा नियम तर साध्या सायकललाही लागू आहे. अंग ज्या बाजूला कलतंय त्या बाजूला चाक न्यायचं. दुचाकीवर ते हँडल करतं, एकचाकीवर कंबर.

जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर सायकल १८८५ साली आली, डनलॉपचं हवेचं टायर १८८८ साली, आणि सायकल आजच्यासारखी दिसू लागली. दिसू लागली एवढंच. साखळीने मागचं चाक फिरू लागलं तरी पाय बांधलेलेच राहिले, कारण मागचं दातेरी चक्र चाकाला पक्कं जोडलेलं होतं. पाय थांबले तरी चाक फिरू देणारं फ्री-व्हील सर्रास झालं ते शतक संपता संपता, १९००च्या आसपास. म्हणजे आपल्याला साधी वाटणारी सायकलही पहिली दहा-पंधरा वर्षं एकचाकीच्याच शिस्तीने चालवली गेली. फ्री-व्हीलने स्वाराला उतारावर विश्रांती दिली, पण पायातला ब्रेक काढून घेतला. कारखानदारांना ही अडचण चांगली कळली होती. पेडल मागे रेटलं की हबमध्येच ब्रेक लागेल अशी रचना त्यांनी काढली. श्वाइनफुर्टच्या एर्न्स्ट झाक्सचं १९०३चं टॉर्पेडो हब त्यातलं प्रसिद्ध. जुन्या पायाशी केलेली ती तडजोड होती. जर्मनीत आणि हॉलंडमध्ये अशा सायकली आजही चालतात. तिथे एकचाकीवाल्याची सवय फसत नाही. फार तर चाक अपेक्षेपेक्षा लवकर आवळलं जातं. आपल्या काळ्या, दांडीच्या ब्रेकच्या सायकलवर मात्र मागे रेटलेलं पेडल नुसतं कटकट करत उलटं फिरतं आणि सायकल पुढे जातच राहते. माणूस तोच, सवय तीच, फरक फक्त हबचा.

याहून गंभीर आक्षेप असा, की नवी सवय जुनीला पुसून टाकते. त्यासाठी डेस्टिन सँडलिन या अमेरिकन अभियंत्याचा २०१५ साली गाजलेला प्रयोग पुढे केला जातो. हँडल डावीकडे वळवलं की चाक उजवीकडे जाईल अशी सायकल चालवायला त्याला आठ महिने लागले, आणि मग साधी सायकल जमेना. पण ती साधी सायकलही वीसेक मिनिटांत परत जमली, हे सांगायचं राहून जातं. शिवाय तिथे त्याच हातांना, त्याच हँडलवर उलटा हुकूम शिकवला होता. एकचाकीला हँडलच नसतं, त्यामुळे हातांनी शिकलेलं जागच्या जागी राहतं. भांडण होतं ते पायांपुरतं, आणि तेही पेडल थांबवण्याच्या वेळी.

एकचाकीच्या सवयीच्या फायद्याची बाजू आकड्यांत दिसते. २० इंची एकचाकी पेडलाच्या एका फेऱ्यात जेमतेम १.६ मीटर जाते. ताशी १२ किलोमीटरसाठी मिनिटाला सव्वाशे फेरे हवेत, आणि तेही गुळगुळीत. एक फेरा अडखळला तर माणूस खाली. ४४ आणि १८ दात्यांच्या २८ इंची सायकलला त्याच वेगासाठी ३७ फेरे पुरतात, म्हणून आपण पेडल फिरवत नाही, हाणतो. गोल आणि हलका पाय ही शर्यतवाल्यांची जुनी हौस. युरोपातले रस्त्यावरचे स्वार त्यासाठी हिवाळ्यात मुद्दाम बांधलेल्या चाकावर सराव करत. व्हेलोड्रोममध्ये आणि १९४८पासून चालत आलेल्या जपानच्या केइरिन शर्यतीत फ्री-व्हील नसतंच. दूध घालायला निघालेल्या माणसाला याचा काय उपयोग, असं विचारता येईल. पण चढावर गुडघे त्याचेही दुखतात, आणि गिअर हलका ठेवून भराभर पाय मारण्याची सवय शर्यतवाल्यापेक्षा त्याच्याच जास्त कामाची.

खरी उणीव हातांची आहे. एकचाकीवर बोटांना ब्रेक लावण्याचं वळण सहसा लागत नाही, आणि पाय बांधलेल्या सायकलवरही अचानक थांबायला पाय पुरत नाहीत, कारण मागचं चाक भार सुटला की घसरू लागतं. ब्रिटनच्या १९८३च्या नियमांत याची नोंद सापडते. साध्या सायकलला दोन्ही चाकांचे ब्रेक सक्तीचे. पाय बांधलेल्या सायकलला मागच्या ब्रेकची सूट, कारण ते काम पाय करतात. पुढच्या ब्रेकला मात्र सूट नाही. एकचाकीवरून सायकलवर येणाऱ्याने आधी सपाट, मोकळ्या रस्त्यावर पुढच्या ब्रेकचा अंदाज घ्यावा आणि घाटाचा उतार नंतर पाहावा.