मोटारींतील रबराची उशी

जुन्या घाटाची क्रीडामोटार रस्त्यावर उभी राहिली कीं पाहणाऱ्यांची नजर तिच्या तारांच्या चाकांवर खिळते. मला आज जी वस्तु सांगावयाची आहे ती पाहण्यास मात्र गाडीखालीं उताणें निजावें लागतें. ती म्हणजे गिअरबॉक्सच्या बुडाशीं बसविलेला रबराचा ठोकळा.

आरंभीच्या बहुतेक मोटारींत एंजिन सांगाड्याशीं बोल्टांनीं घट्ट जखडलेलें असे. चार सिलिंडरांच्या एंजिनांत दोन दट्टे वर जातांना दोन खालीं येतात. त्यावरून तोल साधला असें कोणासही वाटेल. पण दट्ट्याचा दांडा तिरका होत असल्यामुळें वरच्या अर्ध्या फेऱ्यांतील वेग खालच्यापेक्षां अधिक असतो, आणि दर फेऱ्यास दोन हिसके शिल्लक राहतात. शिवाय क्रियेस प्रतिक्रिया आहेच. एंजिन आंस एका दिशेनें फिरवितें, तेव्हां तें स्वतः उलट दिशेस कलंडूं पाहतें. वर्गांत हा नियम फळ्यावर लिहावा लागतो. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर तो तत्काळ समजतो.

रबर घालून ही थरथर अडविण्याचे प्रयत्न पूर्वींही झाले होते. परंतु तें कोठें घालावें, हा खरा प्रश्न. १९३१ सालीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें प्लिमथ गाडींत त्याचें उत्तर दिलें. पुढचा आधार उंच, मागचा गिअरबॉक्सकडचा सखल. त्या दोहोंस जोडणारी कल्पित रेषा एंजिनाच्या गुरुत्वमध्यांतून जाते. त्या रेषेभोवतीं एंजिन मोकळेपणीं डोलतें, आणि फार डोलूं नये म्हणून बाजूस पोलादी पाट्याची स्प्रिंग. फ्रान्समध्यें सिट्रोएननें ही युक्ति परवान्यानें घेतली व १९३२ पासून आपल्या गाड्यांवर पोहणारा हंस झळकविला. जाहिरातीचीं चित्रें सहसा फोल असतात. हें मात्र अगदीं नेमकें होतें.

पुढें रबरी आधार सर्वत्र रूढ झाले. इंग्लंडांत अ‍ॅबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झालेली एम्. जी. बी. घ्या. बंद टपाच्या प्रकारासह ती पांच लाखांहून अधिक निघाली, आणि अनेक गाड्या आजही हौशी लोकांनीं जपल्या आहेत. तिच्या गिअरबॉक्सचें मागचें टोंक एका आडव्या पट्टीवर, दोन रबरी ठोकळ्यांच्या आधारानें टेकतें. रबराचा मोठा वैरी म्हणजे तेल. झिरपणारें खनिज तेल नैसर्गिक रबरास फुगवून लिबलिबीत करतें. तेलापुढें अधिक टिकाव धरणारें निओप्रीन ड्यू पाँट कंपनीनें त्याच १९३१ सालीं जाहीर केलें होतें, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

ठोकळा गेला कीं क्लच सोडतांना खालून दणका बसतो आणि गिअरचा दांडा उडी घेतो. मालक घाबरून क्लच बदलतो, कधीं सबंध गिअरबॉक्स उतरवितो. दणका तसाच राहतो! म्हणून आधीं रबर पाहावें.

बदलण्याचें काम अवघड नसलें तरी जिवाशीं खेळ आहे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खालीं शिरूं नये. भक्कम घोड्यांवर ठेवावी. गिअरबॉक्सखालीं जॅक आणि मध्यें लांकडी फळी देऊन त्याचें वजन उचलावें, मगच पट्टीचे बोल्ट काढावे. मागचें टोंक फार खालीं सोडल्यास एंजिन कलतें व पंखा रेडिएटरला भिडतो. नवे ठोकळे घातल्यावर बोल्ट प्रथम सैल ठेवावे; वजन नीट टेकल्यावर आवळावे, नाहींतर रबर पिळलेलेंच राहतें.

कांहीं हौशी हल्लीं कठीण पॉलियुरेथेनचे ठोकळे घालतात. शर्यतीला ते ठीक. रोजच्या रस्त्यावर तीच जुनी थरथर आसनापर्यंत परत येते, आणि तेलाची गळती न थांबवितां घातलेलें नवें रबरही लवकरच मऊ पडतें. तेव्हां ठोकळे आणण्यापूर्वीं गिअरबॉक्सच्या मागच्या टोंकाचें तेलसील तपासून घ्यावें.