मंगळावरचे खड्डे मोजणारी बाई

मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला की घरात काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आलेली स्थळं परत जातात आणि बोलणी पोरीलाच खावी लागतात. आमच्या गटांच्या बैठकीत हा विषय दर लग्नसराईत निघतो. म्हणून आज आपण खऱ्या मंगळाच्या जमिनीची गोष्ट ऐकू. ती जमीन वर्षानुवर्षं तपासली नदीन बार्लो या अमेरिकन बाईंनी.

१९६५ साली मरिनर-४ यान मंगळाजवळून गेलं. फोटोत दिसले उल्का आदळून पडलेले खड्डे. शास्त्रज्ञांना वाटलं, हाही चंद्रासारखा मेलेला गोळा. मग १९७१ च्या नोव्हेंबरात मरिनर-९ पोचलं, तर सगळ्या ग्रहावर धुळीचं वादळ! चार काळपट ठिपके तेवढे दिसत होते. धूळ बसल्यावर कळलं, ती ज्वालामुखींची डोकी होती. त्यातला ऑलिंपस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंच. आपल्या कळसूबाई एकावर एक तेरा रचल्या तरी तो थोडा वरच राहील.

पुढे १९७६ मध्ये पोचलेल्या व्हायकिंग यानांनी हजारो फोटो पाठवले. बार्लोबाईंनी ते घेऊन १९८० च्या दशकात खड्ड्यांची नोंदवही केली. पाच किलोमीटर किंवा त्याहून रुंद असे ४२ हजारांवर खड्डे! प्रत्येकाची जागा, रुंदी, कड झिजली आहे का, सगळं लिहिलं. आपल्या गटाचं रजिस्टर लिहिणारीला विचारा, हे काम किती चिकाटीचं असतं.

पण मोजून उपयोग काय? आजच सारवलेल्या अंगणात पावलं कमी उमटलेली असतात, जुन्या सारवणावर जास्त. तसंच तिथे. खड्डे दाट असतील ती जमीन जुनी. ज्वालामुखीच्या उतारावर ते विरळ असतील, तर तिथे नंतरच्या लाव्ह्याने सारवण केलेलं आहे.

बार्लोबाईंचा जीव मात्र खड्ड्याभोवती उडालेल्या मातीत जास्त रमला. फुफाट्यात धोंडा टाकला तर धूळ उडते, चिखलात टाकला तर ओघळ पसरतो. मंगळावरच्या कितीतरी खड्ड्यांभोवती असे चिखलासारखे ओघळ आहेत. म्हणजे जमिनीखाली बर्फ असावा, असं त्या आणि त्यांच्यासारखे अनेक अभ्यासक मांडत आले. बार्लोबाई २०२० मध्ये गेल्या. त्यांची नोंदवही अजून वापरात आहे.

आणि हे काही फार परकं नाही बरं का. आपल्या बुलढाण्यातलं लोणार सरोवर उल्का आदळूनच झालं. सुमारे १.८ किलोमीटर रुंद, आणि तेही काळ्या कातळात. हा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा गोठलेला लाव्हा. मंगळाची जमीनही बरीचशी अशाच दगडाची आहे. पृथ्वीवर अशा कातळातले उल्केचे खड्डे फारच थोडे, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोणारचे दगड तपासतात.