बस्त्याखालचं गाव

माझ्या लग्नाचा बस्ता कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात बांधला होता. त्यातली एक चादर इथे मनीषनगरात अजून वापरात आहे. पण मंडळी, त्या बाजाराच्या जागी एकेकाळी चक्क पोलिश गाव होतं, हे मला फार उशिरा कळलं!

१९३९ मध्ये पूर्व पोलंड सोव्हिएत सैन्याने घेतला आणि पुढे कुटुंबंच्या कुटुंबं सैबेरियाकडे धाडली. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर त्यातली काही इराणमार्गे भारतात पोचली. १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना... पुरता संसारच की!

युद्ध संपलं, पण परतायचं कुठे? अनेकांची गावं आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी आणखी कुठे. छावणीच्या जागेवर फाळणीत घरदार सुटलेले सिंधी वसवले गेले. तेच हे गांधीनगर.

आमचा बस्त्याचा दुकानदार सिंधीच होता, वयस्कर. पन्नास रुपयांसाठी आम्ही त्याच्याशी तासभर घासाघीस केली. काका, तुमचं मूळ गाव कोणतं, एवढं मात्र कुणीच विचारलं नाही.