शेजाऱ्याचे हात

यंत्रविद्येचा इतिहास म्हणजे वेगाचे व अश्वशक्तीचे आकडे, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे, हे १९९० साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या मर्सिडीज ५०० ई या मोटारीवरून आम्हांस पटते. बाहेरून पाहावे तर ही चार दारांची, साधी घरंदाज गाडी; पण बॉनेटखाली पाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे, ३२ झडपांचे, ३२६ अश्वशक्तीचे इंजिन! एवढ्या शक्तीला रुंद चाके हवीत, आणि रुंद चाकांना फुगीर मडगार्डे. घोडे पेंड खाल्ले ते येथेच. फुगलेली गाडी झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातील जुळणीच्या मार्गावर मावेना.

त्या काळी स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातील पोर्श कंपनी आर्थिक ओढगस्तीत होती. कुशल हात होते, पण पुरेसे काम नव्हते. गाडीच्या आखणीची कामगिरी तिच्याकडे आली आणि जुळणीही. सांगाडे तेथे तयार होत, रंगासाठी झिंडेलफिंगेनला जात आणि इंजिन बसविण्यास पुन्हा परत येत. एकेका गाडीस सुमारे अठरा दिवस लागत. तरीही १९९५ पर्यंत दहा हजारांवर गाड्या निघाल्या.

फर्डिनांड पोर्शने १९२० च्या दशकात डाइमलरचीच चाकरी केली होती. पुढे त्याच्या नावाची पेढी डाइमलरच्या अडचणीला धावली. स्पर्धा कारखान्यांना जागे ठेवते खरी. पण अडलेले काम पुष्कळदा शेजाऱ्याच्या हातांनीच पुरे होते, असे आम्हांस वाटते.